झिरो झाल्यावर टरेटचे आकडे शून्यावर कसे आणायचे

रायफल झिरो झाली, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागू लागली. पाच गोळ्यांचा ग्रुप जिथे हवा तिथे बसला. आता स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, वरच्या टरेटकडे (नेम हलवण्याच्या फिरत्या बटणाकडे) पाहा: रेघेसमोर ३.७ आहे, बाजूच्या टरेटवर उजवीकडे १.२. यात बिघडलेलं काही नाही. कारखान्यात आकडे कोरताना तुमची रायफल, स्कोप धरणारे तुमचे रिंग आणि तुमची काडतुसं कोणती असणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. टरेटवरचा शून्य हा तोवर कोणाचाच शून्य नसतो. तो तुम्हाला तुमचा करून घ्यावा लागतो.

न केल्यास काय होतं? समजा पुढच्या अंतरासाठी १.४ मिल वर जायचं आहे (मिल हे कोनाचं माप, १०० मीटरवर १० सेंटिमीटर). मग टरेट १.४ वर नाही, ५.१ वर न्यायचा. परत येताना ३.७ वर थांबायचं. शांत बसून हे गणित कोणालाही जमतं. घाईत मात्र नजर शून्य शोधते आणि हातही शून्यावरच थांबतो. मग १०० मीटरवर गोळी ३७ सेंटिमीटर खाली जाते. काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे, पण त्यातला एकच भाग नाजूक आहे, आणि बहुतेकांचा झिरो तिथेच हलतो.

आकडे कशाला चिकटलेले असतात

स्कोपच्या मुख्य नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, इरेक्टर ट्यूब. प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली असतात. एका बाजूने स्प्रिंग तिला ढकलत असते आणि समोरून टरेटचा स्क्रू तिला अडवून धरतो. स्क्रू आत-बाहेर झाला की नळी किंचित कलते आणि नेम हलतो. त्या स्क्रूला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, स्कोपच्या बाहेर डोकावतो. त्याच्याभोवती बारीक दात असतात आणि त्या दातांत स्प्रिंगवरचा एक छोटा बॉल किंवा पिन अडकत-सुटत जाते. क्लिकचा आवाज आणि बोटांना लागणारा खटका तिथून येतो. या सगळ्याच्या वर, सर्वात शेवटी, आकडे कोरलेली टोपी बसते.

म्हणजे नेम हलवतो तो स्पिंडल. टोपी फक्त सांगते की स्पिंडल कुठे आहे. घड्याळाची तबकडी फिरवली म्हणून काटे पुढे जात नाहीत, तसंच हे. आपल्याला टोपी स्पिंडलपासून सुटी करायची, शून्य रेघेसमोर आणायचा आणि टोपी पुन्हा स्पिंडलला धरायची. या सगळ्या वेळात स्पिंडल जागचा हलता कामा नये.

यावरून एक साधी कसोटी मिळते: टोपी नव्या जागी फिरवताना एकही क्लिक ऐकू येऊ नये, बोटाला जाणवूही नये. क्लिक आला म्हणजे स्पिंडल सोबत फिरला, आणि झिरो तेवढा सरकला.

आधी झिरो खरा आहे का ते पाहा

आकडे सरकवण्याची घाई बहुतेकांना असते, झिरो पक्का करण्याची कमी. तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की लोक ॲलन की (षटकोनी चावी) काढतात. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही छान दिसू शकतो, आणि त्याचा मध्य खऱ्या मध्यापासून एक-दोन क्लिक सहज बाजूला असतो. मी किमान पाच गोळ्या मारतो, जमलं तर दोन वेगळ्या दिवशी, आणि दोन्ही ग्रुपचा मिळून मध्य काढतो. सगळ्यात बाहेरची गोळी वगळून मध्य काढण्याची सवय असेल तर सोडा. ती गोळीही तुमच्याच रायफलने मारलेली आहे.

मध्य किती हलवायचा याचा हिशोब १०० मीटरला असा: ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १ सेंटिमीटर, पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे साधारण ७.३ मिलिमीटर. ५० मीटरला दोन्ही निम्मे. एअर रायफल १० मीटरला झिरो करत असाल तर ०.१ मिल म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. एवढ्या जवळ छर्‍याचं भोक क्लिकपेक्षा कितीतरी मोठं असतं. तिथे भोकांच्या कडांवरून नाही, मध्यांवरून मोजा. मध्य निशाणाच्या मध्यापासून अर्ध्या क्लिकच्या आत आला की थांबा. त्याहून बारीक जुळवणी टरेटला करताच येत नाही.

झिरो करताना टरेट खूप फिरवावा लागला का, हेही बघा. एलिव्हेशनचं, म्हणजे वर-खाली नेणाऱ्या टरेटचं, बऱ्याचदा समजण्यासारखं असतं. स्कोपखाली २० एमओए उताराचा बेस (रिंग ज्यावर बसतात ती पट्टी) असेल तर झिरो मधोमध न येता खालच्या बाजूला येणारच, तो बेस त्यासाठीच असतो. विंडेजला, म्हणजे बाजूच्या टरेटला, मात्र अशी सबब नाही. बाजूच्या हालचालीचा बराचसा भाग नुसत्या झिरोतच संपला असेल तर बेस तिरका बसलाय, रिंग नीट बसलेले नाहीत किंवा बेसची भोकंच रायफलच्या नळीच्या रेषेत नाहीत. अशा वेळी आकडे शून्यावर आणणं म्हणजे दोषावर लेबल लावणं. शिवाय स्कोपची नळी गोल असल्यामुळे इरेक्टर ट्यूब एका बाजूला फार सरकली की वर-खाली जायलाही जागा कमी उरते. आधी माउंट, म्हणजे बेस आणि रिंग, सरळ करा, परत झिरो करा, मग या लेखाकडे या.

रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली, उभं आहे का, हेही याच वेळी तपासा. स्कोप १ अंशाने जरी कलला असला तरी १० मिल वर फिरवल्यावर नेम ०.१७ मिल बाजूला जातो, म्हणजे १००० मीटरवर १७ सेंटिमीटर. जवळच्या झिरोत हे दिसत नाही. नंतर ते दुरुस्त करायला रिंग सैल करावे लागतात, आणि रिंग सैल केले की सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

हत्यार रिकामं, मगच हत्यारं हातात

मॅगझिन काढा. बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. बोल्ट पूर्ण काढता येत असेल तर काढून बाजूला ठेवा. एअर रायफल असेल तर तिच्यात छर्रा किंवा दाब उरलेला नाही ना, ते उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने तपासा. रायफलची नळी सुरक्षित दिशेला. रेंजवर असाल आणि गोळीबार थांबवून लोक निशाणांकडे गेले असतील, तर रायफलला हात लावायचा नाही, टरेटलाही नाही. "फक्त स्क्रू फिरवतोय" ही सबब रेंजवर चालत नाही, चालूही नये. मला तर हे काम रेंजवर करूच नये असं वाटतं. वारा, उन्हाची तिरीप, वाळू, शेजारच्याचे धमाके. झिरोचे आकडे वहीत लिहा, टरेटला हात न लावता घरी या आणि टेबलावर, चांगल्या उजेडात करा. रेंजवरून येताना टरेट चुकून फिरला तरी वहीतला आकडा तुम्हाला परत आणतो.

तुमचा टरेट कोणत्या जातीचा

वरून धातूचं झाकण असलेला, आत लहानशी चकती असलेला टरेट शिकारीच्या जुन्या-नव्या स्कोपवर खूप दिसतो. त्यातल्या काहींत आकड्यांची कडी नखाने उचलली किंवा बोटाने जोर देऊन फिरवली की नुसती कडीच फिरते. काहींत चकतीच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो नाण्याने किंवा चपट्या पेचकसने सैल करायचा.

उघडे, उंच टरेट असतील तर टोपीच्या कडेला दोन किंवा तीन बारीक भोकं शोधा. त्यांच्या आत ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले बारीक स्क्रू, असतात. काही उत्पादक टोपीच्या माथ्यावरच एक मोठा स्क्रू देतात. आणि काही टरेट असे असतात की टोपी वर ओढून फिरवायची आणि खाली दाबली की कुलूप लागतं. या शेवटच्या प्रकारात घोळ होतो. वर ओढल्यावर टोपी क्लिकसह फिरते, म्हणजे ती नेमच हलवत असते. आकडे सरकवायचा मार्ग त्यात वेगळा असतो, बहुधा माथ्यावरच्या स्क्रूतून. माहितीपुस्तक हाती असेल तर या टप्प्यावर ते उघडा. नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने शोधा.

बाणाची दिशा वाचून ठेवा. टरेटवरचा "वर" हा बाण गोळी वर लागेल असं सांगतो, रेटिकल वर जाईल असं नाही. बहुतेक टरेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर वर जातात, पण सगळे नाहीत. दोन्ही टरेटच्या टोप्या एकाच वेळी काढून टेबलावर ठेवल्या की त्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि दिसायला त्या सारख्याच असतात. एका वेळी एकच टोपी.

मुख्य काम: ग्रब स्क्रूचा टरेट

हाच प्रकार सर्वाधिक भेटतो आणि चुकाही यातच सर्वाधिक होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

रायफल स्टँडमध्ये किंवा क्लीनिंग क्रेडलमध्ये घट्ट बसवा. खाली फिक्या रंगाचं कापड अंथरा. स्क्रू तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात आणि एकदा जमिनीवर पडले की गेले. आता स्कोपमधून खिडकीबाहेरची एखादी दूरची, न हलणारी, टोकदार खूण रेटिकलच्या बरोबर मध्यावर घ्या, पॅरॅलॅक्स नीट लावून (डोळा हलवला तरी रेटिकल खुणेवरून सरकू नये), आणि क्रेडल तसंच पक्कं ठेवा. खूण अशी निवडा की तिच्या आसपास माणसं नसतील. बोल्ट काढलेली रायफलसुद्धा कोणाच्या दिशेने रोखायची नाही. ही खूण तुमचा साक्षीदार आहे. काम संपल्यावर रेटिकल अजून तिथेच असेल तर स्पिंडल हललेला नाही. हा एवढा खटाटोप कोणी करत नाही, आणि मग एक गोळी मारून खात्री करायला पुन्हा रेंज गाठतात.

ॲलन की निवडताना घाई नको. या स्क्रूंना १.५ मिलिमीटर, २ मिलिमीटर किंवा इंचातल्या मापांपैकी ०.०५ आणि १/१६ इंच अशा चाव्या लागतात. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर. त्या भोकात १.५ ची चावी जाते, थोडी फिरतेही, आणि मग भोकाचे कोपरे गोल करून टाकते. २ मिलिमीटर आणि ५/६४ इंच मात्र एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तिथे फारसं बिघडत नाही. स्कोपसोबत आलेली चावी सापडत असेल तर तीच वापरा. चावी भोकात तळापर्यंत जाऊ द्या. भोकात मळ किंवा रंग असेल तर आधी टाचणीने काढा.

आता दुसऱ्या हाताने टोपी धरून पहिला स्क्रू अर्धा फेरा सैल करा. मग दुसरा, मग तिसरा. एकच पूर्ण सैल करून पुढच्याकडे जाऊ नका, टोपी बाजूला कलते आणि तिच्यासोबत स्पिंडलवर ताण येतो. स्क्रू पूर्ण काढायची गरज नाही. अर्धा ते एक फेरा पुरतो.

टोपी आता सैल असायला हवी. ती सरळ वर उचला, फिरवत उचलू नका. अडकलेली वाटत असेल तर बहुतेक एखादा स्क्रू अजून स्पिंडलला टेकलेला आहे किंवा आतली रबरी कडी टोपीला धरून बसली आहे. तेव्हा अगदी बारीक डोलवत, सरळ वर.

टोपी निघाली की स्पिंडल उघडा दिसेल. त्याच्या माथ्यावर आणि शेजारी स्कोपच्या अंगावर बारीक मार्करने एकाच रेषेत दोन ठिपके ठेवा. आता स्पिंडल केसभर हलला तरी दिसेल. इथे एक सूचना ठळकपणे: टोपीखाली दिसणारी पितळी कडी, नट, खाचा असलेला वॉशर यांना हात लावू नका. टोपी काढल्याने बहुतेक स्कोपची हवाबंदी जात नाही, कारण सील खाली आहे. ती कडी उघडली तर आत भरलेला नायट्रोजन किंवा आर्गॉन निघून जाईल आणि पुढच्या पावसाळी सकाळी काचेच्या आतून धुकं दिसेल. तेल, ग्रीसही घालू नका.

टोपी पुन्हा बसवा, शून्य अंदाजे रेघेसमोर ठेवून. मग अगदी हलक्या हाताने, क्लिक न येऊ देता, शून्य रेघेवर आणा. डोळा टरेटच्या बरोबर मागे ठेवा, म्हणजे नेम धरल्यावर तुम्ही ज्या बाजूने आकडा वाचणार तिथे. बाजूने पाहिलं तर रेघ आणि आकडा जुळल्याचा भास होतो. एका फेऱ्यात १०० क्लिक असणाऱ्या टरेटवर प्रत्येक क्लिक ३.६ अंशांचा असतो. टोपी ३० मिलिमीटर रुंद असेल तर दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. तिरक्या नजरेने अर्धा क्लिक फसायला एवढं पुरे.

आता टोपी एका बोटाने वरून हलकी दाबून धरा आणि स्क्रू घट्ट करा. पहिल्या फेरीत प्रत्येक स्क्रू नुसता टेकेपर्यंत. थांबा, शून्य रेघेवरच आहे ना ते पाहा. दुसऱ्या फेरीत थोडा जोर. जोर किती, हे माहितीपुस्तकात दिलेलं असेल तर ते पाळा. नसेल तर चावीची लांब बाजू भोकात घाला आणि आखूड बाजू दोन बोटांत धरून फिरवा, आपोआप मर्यादा येते. लॉकटाइटसारखा चिकट द्रव इथे लावू नका. हे स्क्रू तुम्हाला पुन्हा सैल करायचे आहेत, आणि तो द्रव खाली झिरपून क्लिकच्या दातांत गेला तर टरेटचं काम संपलं.

जुना खड्डा

आणि मग असं होतं: शून्य बरोबर रेघेवर होता, स्क्रू घट्ट केला, आणि टोपी स्वतःहून अर्धा क्लिक सरकली. पुन्हा सैल केलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

कारण असं की ग्रब स्क्रूचं टोक कठीण असतं आणि स्पिंडल बहुधा पितळेचा. आधीच्या वेळी घट्ट केलेल्या स्क्रूने स्पिंडलवर बारीक खड्डा पाडलेला असतो. नवी जागा जुन्याच्या अगदी शेजारी असेल तर स्क्रू खड्ड्याच्या उतारावर टेकतो, घसरत त्याच्या तळाशी जातो आणि टोपी सोबत ओढून नेतो. उलट झिरो जुन्या जागेपासून खूप लांब असेल तर ही अडचण येतच नाही. म्हणजे एक-दोन क्लिकचीच दुरुस्ती करणाऱ्याला ती हमखास भेटते.

उपाय सोपा, पण पटकन सुचत नाही. टोपी किंचित, अर्धा मिलिमीटर, वर धरून स्क्रू घट्ट करा, म्हणजे त्याचं टोक खड्ड्याच्या वरच्या कोऱ्या पितळेवर टेकेल. टोपीखाली तेवढी जागा उरली आणि रबरी कडी अजून नीट दबत असेल तर काहीच बिघडत नाही. दुसरा मार्ग: जो स्क्रू ओढतोय तो शोधा, बाकीचे दोन आधी घट्ट करा आणि त्याला शेवटी, सर्वात हलका ठेवा. स्क्रूचं टोक खड्ड्यात बसतं म्हणून कानशीने स्पिंडल घासायची कल्पना डोक्यात येईल. घासू नका.

काही टोप्यांच्या आतही दात असतात आणि स्पिंडलच्या दातांवर त्या खाचेखाचेने बसतात. तिथे शून्य हवा तितका बारीक सरकवता येत नाही, फक्त पुढच्या खाचेत नेता येतो. शून्य रेघेच्या किंचित बाजूला राहिला तर तो नेहमी एकाच बाजूला राहतो हे लक्षात ठेवा आणि पुढे चला.

बाकीच्या प्रकारांत

उचलायच्या कडीचा प्रकार सर्वात सोपा: चकतीचा माथा एका हाताने धरा, कडी दुसऱ्या हाताने फिरवा. नाण्याने उघडणारा मधला स्क्रू मात्र सावधपणे सैल करावा लागतो. स्क्रू घड्याळाच्या उलट फिरतो आणि स्पिंडलही बहुधा त्याच दिशेने वर जातो, त्यामुळे सैल करताना दोन-तीन क्लिक होऊन जातात आणि कळतही नाही. टोपी बोटांनी घट्ट धरा, कान देऊन ऐका. क्लिक झालेच तर मोजा, आणि आकडे सरकवण्याआधी तेवढेच उलटे फिरवा. आकडे लावून झाल्यावर हाच घोटाळा घट्ट करताना उलट दिशेने होतो, हेही विसरू नका.

विंडेज

कृती तीच. फरक एवढाच की विंडेजचा शून्य फक्त वारा नसतानाच्या झिरोवर लावायचा. मंद वाऱ्यात झिरो केली आणि शून्य तिथे लावला तर तो वारा कायमचा टरेटमध्ये बसला. ५० किंवा १०० मीटरला वेगवान गोळीच्या (सेंटरफायर) रायफलमध्ये हा परिणाम लहान असतो, छोट्या काडतुसाच्या .२२ आणि एअर रायफलमध्ये तो झिरो बिघडवायला पुरेसा असतो. विंडेज टरेट क्वचितच फिरवत असाल तर आकडे लावून झाल्यावर झाकण परत बसवा आणि तिथेच राहू द्या. बाजूचा टरेट पिशवीत, खोळीत सहज फिरतो.

फेरे आणि झिरो स्टॉप

एलिव्हेशन टरेट एकापेक्षा जास्त फेरे फिरतो. टोपीखाली स्कोपच्या अंगावर आडव्या रेघा असतात, त्या कितवा फेरा चालू आहे हे दाखवतात. शून्य लावल्यावर टोपीची कडा कोणत्या रेघेशी आहे ते पाहून ठेवा. १० मिल फेऱ्याच्या टरेटवर एक फेरा चुकला तर आकडा बरोबर शून्य दिसतो आणि गोळी १०० मीटरवर पूर्ण एक मीटर चुकते. निशाणाच्या कागदावर भोकच नाही, आणि माणूस रायफलला दोष देत बसतो.

झिरो स्टॉप, म्हणजे टरेटला शून्याच्या फार खाली जाऊ न देणारा अडथळा, यासाठीच असतो. तो दोन-तीन तऱ्हांनी बनवतात. काही स्कोपमध्ये टोपीखाली पातळ चकत्या एकावर एक ठेवून टोपीची खाली जाण्याची जागा भरून काढतात. काहींत टोपीखाली स्वतंत्र कडी असते, तिला स्वतःचे तीन किंवा चार ग्रब स्क्रू. ते सैल करायचे, कडी अडथळ्याला टेकेपर्यंत फिरवायची, घट्ट करायचे. इथेही स्पिंडल हलू द्यायचा नाही, म्हणून मघाचे मार्करचे ठिपके आता कामाला येतात. आणखी काहींत टोपी शून्यावर बसवली की स्टॉप आपोआप तिथेच बसतो.

स्टॉप अगदी शून्यावर लावू नका. खाली चार-पाच क्लिक मोकळे ठेवा. हवा बदलते, काडतुसांचा गठ्ठा बदलतो, आणि कधी झिरो दोन क्लिक खाली न्यावा लागतो. टरेट शून्यावरच अडला तर त्या दोन क्लिकसाठी सगळं पुन्हा उघडावं लागतं.

तपासणी

आधी स्कोपमधून पाहा, रेटिकल अजून त्याच दूरच्या खुणेवर आहे का. असेल तर टरेट ५ मिल वर न्या आणि परत शून्यावर आणा, असं चार-पाच वेळा करा. पुन्हा पाहा. प्रत्येक क्लिक आकड्यांच्या खुणेसमोरच पडतोय ना, हे बोटाने आणि डोळ्याने तपासा. क्लिक दोन खुणांच्या मधे पडायला लागले तर टोपी स्पिंडलवर घसरली आहे, स्क्रू कमी घट्ट झालेत. झिरो हललेला असतोच असं नाही, पण आकड्यांवर विश्वास ठेवता येणार नाही.

शून्यावर परतताना नेहमी एकाच दिशेने या. वरून खाली येत असाल तर शून्याच्या दोन-तीन क्लिक खाली जाऊन परत वर येणं काही स्कोपमध्ये जास्त खात्रीचं असतं, कारण स्क्रूच्या आट्यांतली सैलसर जागा एका बाजूला जाते. चांगल्या स्कोपमध्ये फरक दिसत नाही. स्वस्त स्कोपमध्ये कधी एक क्लिकभर दिसतो. झिरो स्टॉपमुळे तेवढं खाली जाता येत नसेल, तर हा आणखी एक मुद्दा मोकळे क्लिक ठेवण्याच्या बाजूने.

मग रेंजवर पाच गोळ्या. ग्रुप जुन्याच जागी बसला तर काम झालं. जमत असेल तर उंच कागदही एकदा करून पाहा: १०० मीटरवर ओळंब्याने काढलेली उभी रेघ, तिच्या खालच्या टोकावर नेम, शून्यावर एक ग्रुप, मग टरेट ८ मिल वर नेऊन त्याच नेमावर दुसरा. दुसरा ग्रुप ८० सेंटिमीटर वर आणि रेघेवरच पडायला हवा. तो १.४ सेंटिमीटर बाजूला गेला तर स्कोप साधारण १ अंश कललाय. ७८ सेंटिमीटरवरच थांबला तर तुमचा टरेट छापल्यापेक्षा कमी फिरवतोय, आणि पुढचे सगळे आकडे त्या हिशोबाने वाचावे लागतील.

वहीत काय लिहायचं

तारीख, अंतर, काडतूस आणि त्याचा गठ्ठा, तापमान. याखेरीज एक नोंद अशी आहे जी फार थोडे लोक ठेवतात आणि जिच्यामुळे एक दिवस संपूर्ण झिरो परत मिळतो: टरेट अगदी तळाला टेकल्यापासून शून्यापर्यंत किती फेरे आणि किती क्लिक. ही मोजणी झिरो स्टॉप लावण्याआधी करा. खाली जाताना जोर लावू नका, अडथळा जाणवला की थांबा. मग मोजत वर या. विंडेजचंही तसंच, एका टोकापासून. उद्या टोपी सैल होऊन हरवली, कोणी कुतूहलाने टरेट फिरवून ठेवला किंवा फेऱ्याचा घोटाळा झाला, तरी तळाला जाऊन मोजत आलं की झिरोच्या एक-दोन क्लिकच्या आत पोहोचता येतं.

दुसरं काडतूस वापरायचं असेल तर त्यासाठी शून्य पुन्हा सरकवू नका. एकाच काडतुसाचा शून्य ठेवा आणि दुसऱ्याचा फरक लिहा, उदाहरणार्थ "जड गोळी: वर ०.४, डावीकडे ०.२". स्कोपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलं तर वही उघडावी लागत नाही. फरक चार-पाच ग्रुपमधून काढलेला असावा, एका दुपारच्या एका ग्रुपमधून नाही. आणि चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहा, शाई घामाने पसरते.